शेणानं वाचलेलं जहाज

खूप दिवस झाले इथं काही लिहिलं नाही. शाळा, पेपर तपासणी, वरून ती ऑनलाईन माहिती भरायची कटकट, वेळच मिळत नाही. पण हे लिहायचं राहिलं तर माझ्याच डोक्यातून निघून जाईल म्हणून आज बसलेय. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि अण्णा धाकट्याकडं सिडनीला जाऊन आलो. आई आली नाही. "म्हशीला कोण बगंल" हे एकच कारण तिनं सहा महिने लावून धरलं, धाकट्यानं फोनवर रडारड केली, भावजयीनं केली, काही उपयोग नाही, शेवटी आम्ही दोघंच गेलो.

अण्णा म्हणजे माझे वडील, औसा तालुक्यातल्या एका लहान गावातले सुतार. वय पंच्याहत्तरच्या आसपास, आधार कार्डावर भलतंच काहीतरी आहे. सगळं आयुष्य नांगर, वखर, तिफण, बैलगाड्या आणि माळवदाचे खांब-तुळया करण्यात गेलं. मग ट्रॅक्टर आले तसं दारं-खिडक्यांवर आले, मग लोखंडी दारं आली तसं तेही गेलं. वाकस आणि पटाशी मात्र अजून धार लावून ठेवलेली असते, कशासाठी ते विचारायचं नाही. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. चंद्रभागा दरवर्षी, मांजरा धरण भरलं की एकदा जाऊन बघायचं, एवढाच काय तो पाण्याचा संबंध. हैदराबादच्या विमानतळावर म्हणाले, "भवसागर कीर्तनात लई ऐकला, आता खरा सागर बगू."

आणि खरा सागर बघून काहीच बोलले नाहीत! ऑपेरा हाऊस बघितलं, तो मोठा पूल बघितला, "बरंय" म्हणाले. धाकटा जरा नाराजच झाला, कारण त्यानं एवढ्या उत्साहानं सुट्टी टाकून सगळं ठरवलं होतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी भाच्याच्या हट्टापायी आम्ही डार्लिंग हार्बरला गेलो, तिथं त्यांचं समुद्री म्युझियम आहे, ऑस्ट्रेलियन नॅशनल मेरिटाईम म्युझियम. भाच्याला पाणबुडी बघायची होती. धक्क्याला खरोखरची पाणबुडी आणि खरोखरची युद्धनौका बांधून ठेवलीय, आत जाता येतं. पोरगं तिकडं पळालं, त्याच्या मागं भावजय, आणि आम्ही तिघं मागं राहिलो कारण अण्णा थांबले होते. पुढं तीन डोलकाठ्यांचं एक लाकडी जहाज उभं होतं आणि अण्णा मान वर करून त्याच्या दोऱ्या बघत होते. एवढ्या दोऱ्या की आभाळाला जाळं लावल्यासारखं दिसत होतं.

"हे कोणाचं हाय?"

धाकट्यानं पाटी वाचून सांगितलं. एन्डेव्हर. जेम्स कुक नावाचा इंग्रज कप्तान ज्या जहाजातून १७६८ साली निघाला आणि १७७१ ला पृथ्वीला वळसा घालून परत गेला, त्या जहाजाची ही हुबेहूब प्रतिकृती. म्हणजे जुनं नाही, नवीन. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला फ्रीमँटल म्हणून गाव आहे तिथं १९८८ ला बांधायला घेतलं, मधे पैसे संपले, काम अडलं, परत सुरू झालं आणि शेवटी डिसेंबर १९९३ मधे पाण्यात सोडलं.

"म्हंजे नकली," मी म्हणाले.

अण्णा माझ्याकडं असं बघायला लागले की मी काय बोलले देव जाणे. "नकली कामून? गाडीचं चाक बदललं, जू बदललं, साठी बदलली, तर गाडी नकली झाली का?"

मी म्हटलं अण्णा इथं तर सगळंच बदललंय, जुन्याचा एक तुकडाही नाही. तर म्हणे, "माप तेच हाय का?" माप तेच आहे. इंग्रजांच्या आरमारानं ते मूळ जहाज विकत घेतलं तेव्हा त्याचे मापं घेऊन नकाशे काढले होते, ते अजून लंडनजवळ ग्रिनिचच्या म्युझियममधे जपून ठेवलेत, त्यावरूनच हे बांधलं. "मग झालं की. माप तेच, लाकूड नवं. आपण काय दुसरं केलं जल्मभर." आणि चढले शिडी.

आत जायच्या आधीच पहिला गोंधळ झाला. पुढच्या बाजूला जहाजाचा नांगर लटकवलेला असतो, लोखंडी, वरून मोठं आडवं लाकूड. धाकटा म्हणाला, "अण्णा, हा बघा नांगर." अण्णा चकित. ज्या माणसानं कमीत कमी दोनशे नांगर केले असतील त्याला तुम्ही हे दाखवून नांगर म्हणताय! "ह्याला फाळ कुठंय? रुमणं कुठंय?" मग धाकट्यानं समजावलं की हा तळाला जाऊन चिखलात रुततो आणि जहाज धरून ठेवतो. अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आपला चालला तर काम, ह्यांचा थांबला तर काम." हसू आलं, पण खरं सांगू, मी भाषा शिकवते आणि इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं की हा एकच शब्द आपण दोन्हीकडं वापरतो.

डेकवर एक म्हातारे गाईड होते, स्वयंसेवक, पांढरी दाढी, अण्णांच्याच वयाचे. ते इंग्रजीत सांगणार, धाकटा मराठीत करणार, अण्णा मान डोलावणार असा कार्यक्रम सुरू झाला. पण दहा मिनिटांत त्या दोघांचं हाताच्या खुणांवर जास्त चालायला लागलं. गाईड म्हणाले या जहाजावर जवळपास तीस किलोमीटर दोर आहेत आणि साडेसातशे लाकडी कप्प्या. तीस किलोमीटर! लातूरहून औशाला जाऊन वर परत निम्म्या वाटेवर याल एवढा दोर. अण्णांनी एक जाड दोर हातात धरला, वास घेतला, डांबराचा येतो तसा वास, आणि पीळ मोजायला लागले. मोटेचा नाडा असाच असायचा म्हणे, आणि सोल ह्याच्या निम्म्यानं. शिडं अठ्ठावीस लावता येतात पण त्या दिवशी सगळी गुंडाळलेली होती.

मग ते मागच्या बाजूला एक उभं लाकडी पिंप दाखवलं, त्याला चारी बाजूंनी दांडे घालायची भोकं. दांडे घालायचे आणि माणसांनी गोल गोल फिरत ढकलायचं, दोर गुंडाळला जातो, जड वस्तू वर येते. धाकटा त्याला मराठीत काय म्हणायचं म्हणून अडकला. अण्णांना काही अडचण नव्हती. "घाणा हाय की. फकस्त बैलाच्या जागी माणसं." आणि पुढच्या बाजूला आडवं पिंप होतं तो रहाट. झालं. अर्ध्या जहाजाला त्यांनी तिथंच मराठी नावं देऊन टाकली आणि मला वाटतं बरोबर दिली.

जहाजाची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. हे मुळात काही राजेशाही जहाज नव्हतं, कोळसा वाहायचं जहाज. १७६४ ला इंग्लंडमधल्या व्हिटबी गावात बांधलेलं, नाव वेगळंच होतं, अर्ल ऑफ पेम्ब्रोक. आरमाराकडं चांगली चांगली वेगवान जहाजं पडलेली असताना हे कोळशाचं डबडं का घेतलं? तर पोट मोठं, तळ सपाट. सामान भरपूर मावतं आणि वेळ पडली तर किनाऱ्याच्या वाळूवर टेकवून दुरुस्ती करता येते, कलंडत नाही. अण्णांना हे इतकं पटलं की त्यांनी गाईडच्या खांद्यावर हात ठेवला. "दमणी पळायला आन् गाडी माल न्यायला. लांब जायचं तर गाडीच पायजे." धाकट्यानं दमणीचं इंग्रजी काय केलं मला माहीत नाही, पण गाईड खूश झाले.

खाली उतरायची शिडी उभीच आहे, तोंड शिडीकडं करून उलटं उतरायचं. मला वाटलं अण्णांना जमायचं नाही. मीच अडकले, साडी नेसून गेल्याबद्दल स्वतःला चार शिव्या दिल्या. अण्णा सरसर खाली.

खालचा मजला म्हणजे खलाशांचा. इथंच जेवायचं, इथंच झोपायचं. दोरांनी छताला टांगलेली टेबलं, एक भलीमोठी लोखंडी चूल, आणि रात्री छताला झोळ्या बांधून झोपायचं. एका माणसाला जागा किती? चौदा इंच. अण्णांनी तिथंच हवेत बोटं ताणून माप घेतलं. दीड वीत. दीड वितीत माणूस! ९४ माणसं निघाली होती इंग्लंडहून, शिवाय मेंढ्या, कोंबड्या, आणि एक शेळी, जी याआधी दुसऱ्या एका जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली होती आणि याच्यावर दुसरी करायला निघाली, साहेबलोकांच्या दुधासाठी. शेळीचं ऐकून अण्णा जोरात हसले, त्या आठवड्यातलं पहिलंच हसणं असेल. म्हणाले आईला सांग, म्हशीला घेऊन पण आली असती.

मागच्या भागात तर छत इतकं खाली की सरळ कंबरेत वाकून चालावं लागतं. मी दोनदा डोकं आपटलं. पुढं कप्तानाची मोठी खोली लागते, खिडक्यांची, उजेडाची, टेबलावर नकाशे पसरलेले. तिथं कुक एकटा नव्हता बसत, जोसेफ बँक्स नावाचा श्रीमंत तरुण स्वतःच्या खर्चानं वनस्पती गोळा करायला आला होता, त्याची माणसं, चित्रकार, सगळे त्याच खोलीत. मला खरं म्हणजे ही खोली जास्त बघायची होती पण अण्णा दिसेनात. मागं वळून बघते तर ते खलाशांच्या मजल्यावरच उभे, हात वर करून छताची तुळई चाचपत होते. तळवा पूर्ण टेकवलेला. लग्नातल्या मुहूर्तमेढीला हात लावतात तसा.

मी जवळ गेले. म्हणाले, "कोणतं लाकूड हाय इचार."

जारा. तिकडं पश्चिम ऑस्ट्रेलियात होतं, लालसर, वजनदार, आणि जात निलगिरीची. निलगिरी म्हटल्यावर अण्णांचा विश्वासच बसेना. आपल्याकडं बांधावर लावलेली निलगिरी तोडली की उन्हात तडकते, पीळ खाते, तिचं कुणी दार पण करत नाही. गाईडनं मग समजावलं की निलगिरीच्या कितीतरी जाती आहेत, ही वेगळी. अण्णांनी नखानं टोकरून बघितलं (परवानगी न घेता, मी घाबरले) आणि मान्य केलं.

मग जोड बघितले. फळ्यांना लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकायची पद्धत. भोक पाडायचं, खुंटी ठोकायची, पाचर मारायची, मग पाणी लागलं की खुंटी फुगते आणि आणखी आवळते. आणि दोन फळ्यांच्या फटीत डांबरात भिजवलेला तागाचा काथ्या ठोकून बसवायचा, वरून डांबर ओतायचं. भिंत आणि तुळई जिथं मिळते तिथं कोनात वाकडं लाकूड, आधाराला. जुन्या काळी म्हणे अशा कोनासाठी जंगलात मुद्दाम वाकडी वाढलेली फांदी शोधायचे, कारण सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटतात आणि जोर लागला की तिथंच मोडतं. हे धाकट्यानं सांगायच्या आधीच अण्णांनी सांगितलं. नांगराला पण तसंच. नांगराचं खोड बाभळीच्या उपजत वाकड्या लाकडाचं. अण्णा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर बांधाबांधानं फिरायचे आणि उभ्या बाभळीत नांगर शोधायचे. "ह्यात दोन वर्सानं नांगर हाय," असं म्हणून त्या झाडाच्या मालकाला आधीच सांगून ठेवायचे.

आता एक गोष्ट, जी मी लिहू का नको असा विचार करत होते. अण्णा त्या तुळयांखाली बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हे उलटं माळवद हाय." जहाज म्हणजे उलटं केलेलं माळवद. खांब, तुळया, वरून फळ्या. फक्त आपण वर माती टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माळवद म्हणजे आमच्याकडची जुनी घरं, दगडमातीच्या जाड भिंती, लाकडाचे खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा. पण दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकत गेल्यानं थर वाढत वाढत दोन दोन फुटांचे झाले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन. किल्लारी, सास्तूर, पुढचं सांगायला नको. हजारो माणसं त्या दगडांखाली आणि मातीखाली गेली. मी तेव्हा शाळकरी पोर. आमच्या घराच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या पण छत उभं राहिलं, कारण आज्यानं छताचं ओझं भिंतीवर न देता खांबांवर दिलं होतं, प्रत्येक खणाला चार खांब. शेजारी जिथं तुळया सरळ भिंतीत खुपसल्या होत्या तिथं भिंत गेली की सगळंच खाली. त्यानंतर अण्णांनी कितीतरी महिने काय केलं असेल तर ढिगाऱ्यातून लाकडं ओढून काढली. लोकांना नव्या घरांसाठी दारं पाहिजे होती आणि त्यांच्याकडं दुसरं लाकूड नव्हतं. माणसं ज्याच्याखाली गेली त्याच लाकडाची दारं. ते याबद्दल कधीच बोलत नाहीत.

तिथं मला एकदम आठवलं की हे जहाज पाण्यात सोडलं तो डिसेंबर ९३, म्हणजे त्याच हिवाळ्यात, तिकडं हे लोक तुळया बसवत होते आणि इकडं हा माणूस तुळया उपसत होता. मी हे अण्णांना सांगितलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "हे हालत आसंल न्हाई का समुद्रात?" धाकटा म्हणाला हो, खूप, आणि सगळं लाकूड करकरतं. "करकरणारच. जोड हालायला जागा ठिवलीय." आणि हात काढून घेतला.

पुढचं सगळं भराभर बघितलं. पाण्याची पिंपं कुठं असायची ते दाखवलं. एवढ्या पाण्यावर बसून प्यायचं पाणी मोजून. यावर मात्र आम्हा लातूरकरांना काही नवल वाटलं नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, आम्ही पण घरात बसून पाणी मोजत होतो. जेवणाचं ऐका. त्या काळी लांबच्या सफरीत खलाशी हिरड्या सडून मरायचे, ताजा भाजीपाला नाही म्हणून. कुकनं आंबवलेला कोबी भरपूर नेला आणि खलाशी खाईनात म्हणून युक्ती केली, तो कोबी रोज साहेबांच्या टेबलावर मांडायचा, आणि खलाशांना म्हणायचं तुमची इच्छा असेल तर घ्या. आठवड्यात सगळे मागायला लागले. पोषण आहारात ही युक्ती करून बघायला पाहिजे. पण हाच माणूस दुसरीकडं ताजं मांस खायला नकार दिला म्हणून दोघांना बारा बारा फटके मारतो, तेव्हा फार कौतुक नको.

आणि कौतुकाचं निघालंच आहे तर हे पण. एप्रिल १७७० मधे हे जहाज सिडनीजवळच्या बॉटनी बे मधे आलं, किनाऱ्यावर तिथले दोन माणसं भाले घेऊन आडवे उभे राहिले, परत जा म्हणून, आणि यांनी बंदुकी चालवल्या. मग वर उत्तरेला जाऊन २२ ऑगस्टला एका बेटावर झेंडा लावून सगळा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावावर करून टाकला. जिथं माणसं हजारो वर्षं राहत होती. अण्णांनी विचारलं, "कोणाला इचारून?" गाईडला धाकट्यानं हा प्रश्न तसाच इंग्रजीत विचारला. त्यांनी खांदे उडवले नाहीत की हसले नाहीत, "नोबडी" म्हणाले. म्युझियममधे ती बाजू पण लावलेली आहे हे सांगायला पाहिजे, लपवलेली नाही. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला सातबारा परस्पर कसा बदलतो ते वेगळं शिकवायची गरज नसते.

आता शेणाचं.

११ जून १७७०, रात्री अकराच्या सुमाराला, ग्रेट बॅरियर रीफच्या पोवळ्याच्या खडकावर हे जहाज चढलं आणि अडकलं. भोक पडलं. जहाज हलकं करायला तोफा, दगड, पिंपं, जवळपास पन्नास टन माल समुद्रात फेकला. त्यातल्या सहा तोफा १९६९ साली सापडल्या. जवळजवळ एक दिवस अडकून होतं, दुसऱ्या रात्रीच्या भरतीला निघालं, पण निघाल्यावर तर पाणी आणखी येणार ना. पंप मारून मारून माणसं आडवी पडलेली. किनारा लांब. तेव्हा एका तरुण पोरानं, जो आधी दुसऱ्या एका जहाजावर असं केलेलं बघून आला होता, एक उपाय सांगितला. एक जुनं शीड घ्यायचं. त्यावर तागाचा काथ्या आणि लोकर बारीक कापून मुठीमुठीनं लावायची. वरून मेंढ्यांचं शेण फासायचं. आणि ते शीड दोरांनी जहाजाच्या पोटाखालून ओढत भोकापाशी न्यायचं. पाणी आत घुसताना तो लगदा ओढून फटीत नेतं आणि भोक बुजतं. बुजलं! जिथं तीन पंप पुरत नव्हते तिथं एकानं भागायला लागलं. कुकनं डायरीत सगळं लिहून ठेवलंय, आणि वर हे पण की या कामाला घोड्याचं शेण सगळ्यात चांगलं.

अण्णांनी धाकट्याला ते तीनदा सांगायला लावलं. चौथ्यांदा गाईडकडं बघून स्वतः हातानं लिंपायची खूण केली, कणगी लिंपतात तशी, तळव्यानं, खालून वर. गाईड "येस येस" म्हणाले आणि त्यांनीही तशीच खूण केली. दोन म्हातारे सिडनीच्या धक्क्यावर हवेत शेण लिंपतायत. फोटो काढायचा राहिला, अजून हळहळ वाटते.

नंतर किनाऱ्याला लावून जहाज बघितलं तर भोकात पोवळ्याचा एक मोठा तुकडाच मोडून अडकून बसला होता, तो निसटला असता तर शेण काही करू शकलं नसतं. पण हा भाग अण्णांनी फारसा मनावर घेतला नाही. तिथं दुरुस्तीला जवळपास सात आठवडे गेले आणि तिथंच त्यांनी कांगारू हा शब्द तिथल्या लोकांकडून पहिल्यांदा लिहून घेतला. पुढं जकार्ताला, तेव्हाचं बटाव्हिया, थांबले आणि ताप-हगवणीनं तीसेक माणसं गेली. शेळी मात्र पोचली घरी.

मूळ जहाजाचं काय झालं? परत गेल्यावर ओझं वाहायला लावलं, मग विकलं, नाव बदललं, आणि १७७८ मधे अमेरिकेत एका बंदराचं तोंड अडवायला मुद्दाम बुडवलं. २०२२ ला याच म्युझियमनं जाहीर केलं की ते अवशेष आम्हाला सापडले, तर तिथल्या संशोधकांनी लगेच म्हटलं की एवढी घाई करू नका. बुडालेल्या लाकडावरून पण भाऊबंदकी.

निघताना गाईडनी एक गुपित सांगितलं, म्हणजे ते सगळ्यांनाच सांगत असतील. या नव्या जहाजाच्या तळात, जिथं जुन्यात पिंपं आणि पोती असायची, तिथं इंजिनं आहेत, विजेचं स्वयंपाकघर आहे, गरम पाण्याची न्हाणी आहे. हे जहाज खरोखर जगभर फिरून आलंय, नुसतं शोभेचं नाही. आम्हाला तिकडं नेलं नाही, नुसतं सांगितलं. मला वाटलं आता अण्णा नाराज होणार. तर म्हणाले, "म्हंजे वरून गाडी आन् खालून ट्रॅक्टर. शाणे हायत." एवढंच.

भाचा परत आला, पाणबुडी बघून, आणि मला म्हणाला आत्या, आपल्या इंडियात अशी जहाजं नव्हती ना? मी शाळेत असल्यासारखी सुरू झाले. आमच्या लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलंय की तगरचं कापड, मलमल, गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं, आणि तिथून जहाजानं पुढं. तगर ते पैठण दहा दिवस, पैठण ते भडोच वीस. म्हणजे समुद्र तिकडं असला तरी त्या व्यापाराचा अर्धा रस्ता बैलगाडीचा होता. अण्णा मधेच म्हणाले, "वीस आन् दहा तीस. तीस दिवसात आख दोनदा तरी वंगवावा लागणार." मग मी अजिंठ्याचं सांगितलं, दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, आणि त्याच्यावरून आपल्या नौदलासाठी कौंडिण्य नावाचं जहाज गोव्यात बांधलंय, फळ्या काथ्यानं शिवलेलं. धाकट्यानं लगेच फोनवर व्हिडिओ लावला. केरळचे कारागीर फळीला भोकं पाडून काथ्याच्या दोरीनं चक्क शिवतायत. अण्णांनी फोन हातात घेतला तो बोटीतून पलीकडं जाईपर्यंत सोडलाच नाही. "खिळाच न्हाई रं," एवढं दोनदा पुटपुटले.

अजिंठा मी दोनदा सहलीला पोरं घेऊन गेलेय. दोन नंबरच्या लेण्यात जहाज आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, पोरं मोजण्यात लक्ष होतं.

परत आलो, मी लातूरला, अण्णा गावाकडं. पंधरा दिवस झाले असतील. दुपारच्या सुट्टीत फोन आला. मागं गलका ऐकू येत होता, पारावर बसले असणार.

"बाई, तू मास्तरीण हायस, तू सांग ह्यान्ला. मी फोन मोठ्यानं लावलाय. ते शाणाचं खरं हाय का लबाड? हे हासलालेत मला."

मी म्हटलं खरं आहे अण्णा, अगदी लिहून ठेवलंय त्यांनी.

तिकडून कुणीतरी ओरडून विचारलं, "म्हशीचं का गाईचं?"

"मेंढ्यांचं," मी म्हणाले.

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग सगळा पार एकदम हसला आणि तोच आवाज म्हणाला, "मंग लेंड्या म्हण की सुतारा! कव्हापासून शाण शाण लावलाय!"

अण्णांनी फोन ठेवून दिला.